छोट्या मोटारसायकलींनाही वाहनांच्या पानावर जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

आपल्या वृत्तपत्रातील वाहनविषयक पान मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आलो आहे. नव्या गाड्यांची परीक्षणे त्यात असतात आणि अधूनमधून जुन्या गाड्यांवरही सुरेख लेख येतात. मात्र जुन्या गाड्यांवरील या लेखांत एक गोष्ट खटकते. आठवणी निघतात त्या साडेतीनशे, पाचशे, साडेसहाशे सीसीच्या भारदस्त मोटारसायकलींच्या. ज्या ५०, ८०, १०० किंवा १२५ सीसीच्या गाड्यांवर आमच्यापैकी बहुतेकांनी क्लच सोडायला आणि गिअर बदलायला शिकून घेतले, त्यांचा उल्लेख झालाच तर मोठ्या गाडीकडे जाण्याची पायरी म्हणून होतो आणि लेखक घाईने ती पायरी चढून पुढे निघून जातो. त्या पायरीवर जरा थांबावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मान्य करूनच लिहितो.

समवयस्कांच्या बैठकीत हा विषय काढला की कोणीतरी हमखास म्हणतो, की तुला ती गाडी आठवत नाही, तुझे वय आठवते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, पण ते पुरेसेही नाही. पुढे माझ्याकडे अधिक ताकदीच्या, अधिक आरामशीर आणि मुख्य म्हणजे वेळेवर चालू होणाऱ्या गाड्या आल्या. त्यांचा रंग आठवतो, बाकी फारसे काही आठवत नाही. पहिल्या गाडीच्या बाबतीत मात्र पेट्रोलच्या कॉकची दांडी कोणत्या बाजूला वळली की रिझर्व्ह लागायचा, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधला न्यूट्रल पायाच्या किती हलक्या दाबाने सापडायचा, क्लचची केबल नेमकी कोठे घासून तिचे धागे सुटू लागायचे, हे सारे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. तारुण्य हेच एकमेव कारण असते, तर त्या वयातले मनगटी घड्याळ किंवा रेडिओही इतक्याच बारकाव्याने आठवायला हवे होते. माझे म्हणणे असे, की या जिव्हाळ्याचे मूळ त्या यंत्राच्या छोटेपणातच होते. इंजिन लहान, ताकद बेताची, रचना उघडीवाघडी. त्यामुळे जे यंत्राला जमत नसे ते चालवणाऱ्याने भरून काढावे लागे आणि जे बिघडे ते डोळ्यांसमोरच बिघडे.

माझी पहिली मोटारसायकल १०० सीसीची, टू-स्ट्रोक आणि अनेक हातांतून गेलेली होती. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची क्रँकची पेटीच पंपाचे काम करते. हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आधी त्या पेटीत ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढते. साहजिकच फोर-स्ट्रोकप्रमाणे तेथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा यांना लागणारे वंगण पेट्रोलमध्येच मिसळून पाठवावे लागते. १९६४ मध्ये यामाहाने ऑइलसाठी वेगळी टाकी आणि वेगळा पंप देणारी 'ऑटोल्यूब' ही पद्धत आणली आणि पुढे इतरांनीही तसे उपाय केले, पण अनेक छोट्या गाड्यांना ही चैन बराच काळ मिळाली नाही. जुन्या गाड्यांना २० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागे, म्हणजे लिटरमागे ५० मिलिलिटर. ऑइलचा दर्जा सुधारला तसे हे प्रमाण लिटरमागे २० मिलिलिटरपर्यंत खाली आले. टाकीच्या झाकणालाच मापाची वाटी जोडलेली असे. त्या वाटीने ऑइल मोजायचे, पेट्रोलच्या धारेसोबत ओतायचे, झाकण लावायचे आणि गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे डोलवायची. हा सगळा विधी पाहणाऱ्याला विनोदी वाटे, पण त्यातला एकही टप्पा अनावश्यक नव्हता. ऑइल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये आवळला जाई. जास्त झाले तर प्लग ओला होई आणि मागून येणाऱ्याला धुरात काही दिसत नसे.

याच रचनेमुळे उतारावर गाडी चालवण्याचे एक शास्त्र तयार झाले होते, जे कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा जाणत्या चालकांच्या तोंडून अधिक नेमके कळे. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्येच सोडून दिली, की चाक इंजिनाला जोरात फिरवत राहते, पण पेट्रोल जवळजवळ बंद झालेले असते आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. म्हणून मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाला घोटभर मिश्रण द्यायचे. हे एकदा कळले, की उतारावर उजवे मनगट आपोआप तसे वागू लागे. आज ज्यांना गाडी चालवताना इंजिनाच्या आत काय चालले आहे याचा विचारही करावा लागत नाही, त्यांचे आयुष्य निश्चितच अधिक सुखाचे आहे. पण आत काय चालले आहे हे मनगटाला ठाऊक असण्यातही एक आनंद होता आणि तो मला त्या छोट्या गाडीनेच दिला.

प्लगचे तर स्वतंत्र वाचनच असे. प्लग-पान्याने तो काढायचा आणि उजेडात धरायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. काळे आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त, किंवा कार्बोरेटर पेट्रोल जास्त देतो आहे, किंवा चालवणारा गाडी फारच मंद हाकतो आहे. टोक पांढुरके पडले असेल तर मात्र काळजीचे, कारण कोठून तरी जादा हवा ओढली जाते आहे आणि इंजिन वाजवीपेक्षा तापते आहे. कधी दोन टोकांच्या मधल्या फटीत काजळीचा केसाएवढा तंतू अडकून ठिणगी पडणेच थांबे. त्यासाठी फडक्यात गुंडाळलेला एक जादा प्लग कायम जवळ ठेवलेला असे आणि तो बदलण्याचे काम रस्त्याच्या कडेला दोन-चार मिनिटांत उरके. पॉइंटचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या चिमटीचे, काम त्याहून नाजूक. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, चाकाच्या खिडकीतून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून साधारण ०.३५ मिलिमीटरची फट लावायची. मग पॉइंटच्या चिमटीत पातळ कागद धरून चाक हाताने हळूहळू फिरवायचे आणि कागद ज्या क्षणी सैल होईल तो क्षण चाकावरच्या खुणेशी जुळतो का, ते पाहायचे. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचून विसरलो होतो. कागद निसटल्याचे बोटांना कळले तेव्हा ते पुन्हा कधी विसरलो नाही.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र आमच्या पिढीत एक अंधश्रद्धा होती आणि तिचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुष्कळ मुले आवाज वाढावा म्हणून सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी काढून टाकत, काही जण तर तो मागून कापतच. आणि आवाज वाढला म्हणजे वेगही वाढला, अशी त्यांची समजूत असे. टू-स्ट्रोकमध्ये प्रकार नेमका उलटा आहे. एक्झॉस्टची वाट उघडली की दाबाची लाट नळीतून धावत जाते. नळी रुंदावते तेथून ओढीची लाट परत येऊन जळालेला वायू बाहेर काढायला मदत करते, आणि नळी पुन्हा अरुंद होते तेथून दाबाची लाट परत येऊन, बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण वाट बंद होण्यापूर्वी आत ढकलते. हा हिशेब नळीच्या लांबीवर आणि आकारावर ठरलेला असतो. तो कापून टाकणाऱ्यांच्या गाड्या गर्जत जात, पण मनापासून पळत नसत. जमलेली काजळी नळी बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासून टाकली, की त्याच गाडीचा गुदमरलेला श्वास मोकळा होई, हे त्यांना सांगून पटत नसे.

या लाटांचा हिशेब ज्यांनी पराकोटीला नेला ते पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन. साधनांची चणचण असताना त्यांनी १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती काढून दाखवली, म्हणजे लिटरमागे तब्बल २००. त्याच वर्षी त्यांचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि त्याच्यासोबत हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. १९६२ मध्ये जागतिक अजिंक्यपद शर्यतींत ५० सीसीचा गट प्रथमच सुरू झाला आणि त्याचा पहिला विजेता ठरला तो सुझुकीवर स्वार झालेला डेग्नरच. हा गट १९८३ पर्यंत चालला. सुझुकीने त्यासाठी बनवलेल्या एका दोन सिलिंडरच्या ५० सीसी गाडीला १४ गिअर होते आणि तिचे इंजिन मिनिटाला १७ हजारांहून अधिक फेरे मारत असे. स्पेनच्या आंहेल निएतो यांनी १३ जागतिक अजिंक्यपदे मिळवली, ती सर्वच्या सर्व ५० आणि १२५ सीसी गटांत. छोटी मोटारसायकल म्हणजे दुय्यम मोटारसायकल असे ज्यांना वाटते त्यांनी हा तपशील ध्यानात घ्यावा.

अर्थात आम्ही शर्यतवीर नव्हतो आणि आमची गाडी चढाला लागली की धापा टाकत असे. पण मला वाटते, रस्ता वाचण्याचे शिक्षण मिळाले ते तेथेच. ताकदवान गाडीवर चढ आला की मनगट थोडे पिळले म्हणजे काम भागते. छोट्या गाडीवर चढ दिसल्याबरोबर निर्णय घ्यावा लागतो. आताच वेग वाढवून जोराच्या भरात अर्धा चढ काढायचा, की वळण आंधळे आहे म्हणून आधीच खालचा गिअर घ्यायचा? गिअर उशिरा उतरवला तर इंजिन दबून जाते आणि मग पहिल्या गिअरशिवाय गत्यंतर राहत नाही. फार लवकर उतरवला तर मिळवलेला वेग फुकट जातो. समोरून वारा असेल तर छाती टाकीवर टेकवायची, मागे मित्र बसलेला असेल तर त्यालाही पाठीला चिकटून बसायला सांगायचे आणि चढ फारच खडा असेल तर त्याने न बोलता उतरून चालायला लागायचे, असा आमचा अलिखित करार होता. पुढच्या वाहनाला ओलांडायचे असेल तर हाती ताकद नसल्यामुळे अंतर, उतार, समोरचे वाहन आणि आपला गिअर या सगळ्यांचा मेळ आधीच घालावा लागे आणि बहुतेक वेळा उत्तर 'नको' असेच येई. ते 'नको' म्हणण्याची सवय पुढे मोठ्या गाड्यांवरही उपयोगी पडली.

रात्रीचे चालवणे ही वेगळीच विद्या होती. अनेक छोट्या गाड्यांत पुढचा दिवा ६ व्होल्टचा असे आणि त्याला वीज थेट फ्लायव्हील मॅग्नेटोकडून मिळे. इंजिन जोरात फिरले की उजेड लख्ख, मंदावले की पिवळा आणि केविलवाणा. आता विचार करा, की रात्री वळणाच्या तोंडाशी आपण वेग कमी करतो, म्हणजे ज्या क्षणी रस्ता सर्वांत स्पष्ट दिसायला हवा नेमक्या त्याच क्षणी दिवा मान टाकतो. यावर उपाय एकच होता. वळणाच्या बराच आधी खालचा गिअर घेऊन इंजिन चढत्या फेऱ्यांवर ठेवायचे, म्हणजे गाडी सावकाश आणि दिवा तेज. गंमत अशी, की वळणात योग्य गिअर आधीच घेतलेला असावा हे जे सूत्र प्रशिक्षक आज शिकवतात, ते आम्हांला दिव्याने शिकवले. पुढे-मागे दोन्ही चाकांना ड्रमब्रेक आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा अडसर नगण्य, अशा गाडीवर अंतर राखून चालवण्याचा धडाही वेगळा द्यावा लागत नसे.

बंद पडलेली गाडी धक्का देऊन चालू करण्यात मात्र निव्वळ आनंद होता. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, धावत जायचे, वेग आला की सीटवर आडवी उडी घेत क्लच सोडायचा आणि इंजिन धडधडले रे धडधडले की पुन्हा क्लच दाबून थ्रॉटल उघडायचा. शंभर किलोच्या आतबाहेरची गाडी असली की हे एकट्याला जमते. दोनशे किलोच्या गाडीला चौघे लागतात आणि त्यांपैकी दोघे सल्ला देतात. छोट्या गाडीचे वजन ही मला तिची सर्वांत मोठी देणगी वाटते. ती घसरली तर उचलता येई, चुकीच्या वाटेला लागली तर जागच्या जागी फिरवता येई, चाक काढायचे तर बाजूचा दगडही टेकू म्हणून पुरे. यंत्राची भीती गेली ती त्यामुळे, आणि भीती गेल्यावरच यंत्राबद्दल आपुलकी येते.

आपल्या लेखकांनी हेही लक्षात घ्यावे, की मोठ्या मोटारसायकलींचा इतिहास अनेकदा कंपन्यांच्या अभिमानाचा इतिहास असतो, तर छोट्यांचा इतिहास खऱ्या अर्थाने जगाचा आहे. जर्मनीतील चोपाऊ येथील डी.के.डब्ल्यू. कारखान्यात हर्मान वेबर यांनी रचलेली आर.टी. १२५ ही गाडी १९३९ मध्ये आली. साधे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, हलका सांगाडा. महायुद्धानंतर तिचे आराखडे विजेत्या राष्ट्रांनी उचलले आणि त्यातून ब्रिटनमध्ये बी.एस.ए. बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसीची गाडी आणि सोव्हिएत संघात मॉस्क्वा एम-१ए अशा बहिणी जन्माला आल्या. ब्रिटिशांना गिअर आणि किक उजव्या बाजूला हवी असल्यामुळे बँटमचे इंजिन मूळ आराखड्याची आरशातील प्रतिमाच आहे. ही बँटम १९४८ पासून १९७१ पर्यंत निघत राहिली आणि तारा पोहोचवणाऱ्या मुलांपासून प्रथमच पगार हाती आलेल्या तरुणांपर्यंत अनेकांची पहिली गाडी ठरली. यामाहाची १९५५ मधील अगदी पहिली मोटारसायकल वाय.ए.-१ हीदेखील याच रचनेवर बेतलेली होती, आणि त्याच वर्षी फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत तिने आपला गट जिंकला. ज्या चोपाऊमध्ये आर.टी. १२५ जन्मली, तेथेच पुढे काडेन यांनी आपली जादू केली, हा योगायोग मला फार आवडतो. एका लहानशा इंजिनाच्या आराखड्याने इतक्या देशांतील मुलांना एकसारखाच प्लग साफ करायला लावला असेल!

फोर-स्ट्रोकवाल्या मित्रांचा येथे उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. होंडाची सुपर कब १९५८ मध्ये आली. ४९ सीसी, साडेचार अश्वशक्ती, आपोआप सुटणारा सेंट्रिफ्युगल क्लच आणि साखळीवर पूर्ण झाकण. कडवे लोक तिला मोटारसायकल म्हणायला तयार नसतात, पण २०१७ मध्ये या मालिकेच्या गाड्यांचे उत्पादन १० कोटींवर गेले आणि इतके उत्पादन दुसऱ्या कोणत्याही इंजिनवाहनाच्या मालिकेला साधलेले नाही. १९८० च्या दशकात ९८ सीसी आणि ११ अश्वशक्तीची यामाहा आर.एक्स. १०० आणि ९७ सीसीची फोर-स्ट्रोक हीरो होंडा सी.डी. १०० एकाच वर्षी, १९८५ मध्ये रस्त्यावर आल्या आणि मित्रमंडळींत दोन तट पडले. एक तट पिकअपवर भाळलेला, दुसरा ॲव्हरेजवर. आम्ही पहिल्या तटात होतो आणि दुसऱ्या तटातल्या मित्राकडे पेट्रोल उसने मागत होतो, एवढे सांगितले म्हणजे वादाचा निकाल सांगायला नको. त्या मित्रालाही आपली गाडी आमच्याइतकीच तपशिलाने आठवते. फक्त त्याच्या आठवणीत टॅपेटची टिकटिक आहे आणि आमच्या आठवणीत निळा धूर.

त्या धुराबद्दल भाबडेपणा नको. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येत असताना एक्झॉस्टची वाट उघडीच असते, त्यामुळे न जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा बाहेर निसटतो आणि ऑइलही जळून जाते. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर रस्त्यावरच्या या गाड्या गेल्या ते योग्यच झाले. गर्दीच्या चौकात दहा टू-स्ट्रोक गाड्यांच्या मागे उभे राहण्याची आठवण मलाही आहे आणि तिच्याबद्दल मला कसलाही जिव्हाळा नाही. म्हणून जुनी गाडी परत आणा अशी माझी मागणी नाही. माझी मागणी तिच्या आकाराबद्दल आहे.

कारण पहिली मोटारसायकल छोटी असावी, हे केवळ म्हाताऱ्यांचे मत नाही. अनेक देशांच्या कायद्यांनी ते स्वीकारले आहे. युरोपात ए-१ परवाना साधारणपणे १६ व्या वर्षी मिळतो आणि त्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती, एवढीच गाडी चालवता येते; त्यानंतरच्या टप्प्यावर ३५ किलोवॉटपर्यंत मुभा असते. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ५० सीसी ही पहिली पायरी होती. प्रदूषणाच्या नियमांमुळे तितके लहान इंजिन बनवणे परवडेनासे झाले, तेव्हा एप्रिल २०२५ पासून तेथे १२५ सीसीपर्यंतच्या पण ताकद ४ किलोवॉटवर रोखलेल्या गाड्यांना त्याच परवान्यात सामावून घेतले गेले. म्हणजे इंजिन वाढवले, पण नवशिक्याच्या हाती दिलेली ताकद वाढवली नाही. यातला विवेक मला महत्त्वाचा वाटतो.

तरुणांना मात्र नियमातून वाट काढता येते, हेही खरे. ब्रिटनमध्ये १९७१ च्या अखेरीस १६ वर्षांच्या मुलांना पायडल असलेल्या ५० सीसीच्या मोपेडपुरते मर्यादित केले गेले. त्याआधी त्यांना २५० सीसीपर्यंत मुभा होती. कंपन्यांनी लगेच पायडल लावलेल्या, पण दिसायला आणि पळायला अस्सल मोटारसायकली बाजारात आणल्या. यामाहाच्या एफ.एस.१-ई या गाडीची दोन्ही पायडले एकाच दिशेला वळवून पाय ठेवायला वापरता येत आणि ती ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जाई. १९७७ मध्ये सरकारने नव्या मोपेडना ताशी ३० मैलांची मर्यादा घातली, तेव्हा हा खेळ थांबला. त्या काळात १६ वर्षांचे असलेले ब्रिटिश आता साठी ओलांडून गेले आहेत आणि त्याच गाड्या शोधून, नव्याने रंगवून सांभाळत आहेत. पायडले फिरवून कधीही न चालवलेल्या त्या मोपेडसाठी माणसे म्हातारपणी इतका जीव टाकतात, यावरून मी वर जे मांडले त्याला थोडा आधार मिळावा.

आता आपल्या पानाकडे वळतो. माझी विनंती अशी, की जुन्या मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने महिन्यातून निदान एकदा एखाद्या छोट्या गाडीवर सविस्तर लेख यावा आणि तो कौतुकापुरता न राहता तिच्या रचनेविषयी, गुणांविषयी आणि खोडींविषयी असावा. वाचकांकडून पहिल्या गाडीच्या आठवणी मागवाव्यात, मात्र त्यांना "त्या रम्य दिवसांविषयी" लिहायला सांगू नये. गाडीविषयी लिहायला सांगावे. ती कशी चालू व्हायची, कोठे दगा द्यायची, तिच्यावर काय दुरुस्त करायला शिकलात, हे विचारले तर लोक जे लिहितील त्यातून रम्य दिवस आपोआप दिसतील. नव्या छोट्या गाड्यांचे परीक्षण करतानाही केवळ मायलेज आणि पडद्यावरची माहिती न देता, गाडीचे वजन किती, नवशिक्याचे पाय जमिनीला टेकतात का, साखळी घरच्या घरी ताणता येते का, प्लगपर्यंत किंवा विजेवरची गाडी असेल तर निदान फ्यूजपर्यंत मालकाचा हात पोहोचतो का, हे परीक्षकांनी आवर्जून नोंदवावे. आजच्या मुलाला पॉइंट लावता येण्याची गरज उरलेली नाही, पण साखळी ढिली झाल्याचे त्याला कळायला हरकत नसावी.

आणखी एक सूचना व्यवहाराची आहे. अनेक तरुण आता आजोबांच्या किंवा वडिलांच्या जुन्या छोट्या गाड्या बाहेर काढून चालू करत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांना मिश्रणाचे प्रमाण, प्लगचा क्रमांक, पॉइंटची फट, टायरमधील हवा असे साधे आकडे मिळत नाहीत आणि ऐकीव आकड्यांवर चांगली इंजिने खराब होतात. ज्या वाचकांकडे मूळ माहितीपुस्तके शिल्लक असतील त्यांच्याकडून ती मागवून त्यातील हे आकडे आपण गाडीनिहाय छापले, तर त्या चौकटी कापून गॅरेजच्या भिंतीवर लागतील याची मला खात्री आहे. माझ्या गाडीचे पुस्तक माझ्याकडे आहे. त्यातील वायरिंगच्या आकृतीचे पान गहाळ झाले आहे, बाकी सर्व वाचता येते. आपण हा उपक्रम हाती घेतल्यास ते मी स्वतः कार्यालयात आणून देईन. छायाप्रत काढून झाल्यावर ते परत मिळावे, एवढीच अट.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक जुना वाचक